पिवळ्या दिव्यांची तहकीकात

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकाही बिघडलेल्या वस्तूकडे वाकून पाहिलं नसावं. वस्तू बिघडली की ते ताठ व्हायचे. ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीत बसायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "शेवटचा हात कुणाचा लागला?" नळ असो, घड्याळ असो, शिवणयंत्र असो, प्रश्न हाच. वस्तू बिचारी तिकडे पडलेली असायची आणि इकडे माणसांची रांग लागायची.

जालन्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली तेव्हा मी त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेतली. खोली देताना त्यांनी माझं आडनाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं आणि दोन्ही उत्तरं पसंत पडल्यासारखी मान हलवली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आहे हे कळल्यावर त्यांचा माझ्याविषयीचा आदर आणखी वाढला. तो पुढेही टिकला, कारण मी त्यांच्याशी फारसं बोललेच नाही. माझं मराठी पुस्तकी होतं. बाजारात मी भाव विचारला की भाजीवाल्या एकमेकींकडे बघून हसायच्या. म्हणून मी ऐकायचं काम पत्करलं होतं, आणि त्या घरात ऐकण्यासारखं पुष्कळ होतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतला बल्ब गेला. मालकांनी आधी विचारलं, खोलीत कोण आलं होतं. एक विद्यार्थिनी पुस्तक परत द्यायला येऊन गेली होती. मालकांनी तिच्या वडिलांना बोलावणं धाडलं. ते गृहस्थ कचेरी सुटल्यावर सायकल ढकलत आले आणि आपल्या मुलीने वर पाहिलंसुद्धा नसेल असं हात जोडून सांगू लागले. त्यांचं सांगणं चालू असताना काकूंनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, स्टूल आणून नवा बल्ब लावला. खोलीत उजेड पडला. मालक ओट्यावरून म्हणाले, "पाह्यलं? बाप आला की लागला."

याला ते तहकीकात म्हणत. निजामाच्या राज्यात, ऐन तरुणपणी, त्यांनी कोतवालीत काही महिने उमेदवारी केली होती. त्या काही महिन्यांवर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. "वस्तू बिघडत न्हाई, माणूस बिघडवतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. "तहकीकात बराबर केली की बिघाड आपल्या पायानं चालत येतो," हे दुसरं. कोतवाली का सोडली असं कुणी विचारलं तर म्हणायचे, आपलं मन लागलं नाही. काकू आत भाकरी थापता थापता म्हणायच्या, "काढलं यांना." एवढंच बोलून पुन्हा भाकरीकडे.

त्यांच्याकडे हत्यारांची पेटी होती. लाकडी, पितळी कड्यांची, कुलूपबंद. पाहुणे आले की ती उघडायची. पान्हे, पकडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. पाहुण्यांनी पाहायचं, हात लावायचा नाही. मी त्या घरात होते तोवर त्यातला एकही पान्हा कुठल्या नटाला भेटला नाही.

स्वतःच्या हाताने ते एकच काम करायचे, रंग द्यायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निळ्या ऑइलपेंटचा मोठा डबा यायचा. मालक जुनं बनियन घालून निघायचे आणि दारं, कठडा, खुर्ची, तुळशीचा कट्टा, रहाट, जे समोर येईल त्याला निळं करायचे. स्टुलावर चढणं त्यांना कमीपणाचं वाटे, त्यामुळे ते घर खांद्यापर्यंत निळं होतं आणि त्याच्या वर जसं होतं तसं. खरवडणं, धूळ पुसणं असल्या गोष्टी त्यांच्या रंगकामात बसत नव्हत्या. कठड्यावर एक मुंगळा होता, जुन्या कुठल्यातरी दसऱ्याचा, निळ्यात कायमचा बसलेला. काकू डबा धरून मागे मागे फिरायच्या आणि संध्याकाळी रॉकेलने फरशीवरचे थेंब पुसायच्या.

आता गाडीविषयी सांगायला हवं, कारण त्यांचा सगळा तोरा गाडीत होता. लिलावात घेतलेली जुनी सरकारी जीप, मागे उघडा हौदा असलेली. गावात तिला पिकअप म्हणत. हिवाळ्यात ती घनसावंगीकडच्या बागांतून मोसंबी आणायची. गोदावरीच्या त्या पट्ट्यात मार्गशीर्ष-पौषात पहाटे अशी धुई पडते की पुढच्या बैलाची शेपटी दिसत नाही. आणि मोसंबीचा लिलाव तर सकाळी, जो उशिरा आला त्याचा माल पडेल भावाने. म्हणून मालकांनी हैदराबादहून दोन पिवळे दिवे आणून गाडीच्या पुढे, बंपरवरच्या लोखंडी पट्टीवर बसवून घेतले होते. धुक्यात पांढरा उजेड परत डोळ्यांवर येतो, पिवळा खालून रस्ता दाखवतो. असे दिवे तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हते, निदान मालक तसं सांगत. भर दुपारी ते पाहुण्यांना दिवे लावून दाखवायचे. उन्हात दिवा लागलाय की नाही ते कळायचं नाही. पाहुणे म्हणायचे, वा.

"इंग्रजीत याला काय म्हणतात बाई?" त्यांनी मला एकदा विचारलं.

मी म्हणाले, फॉगलाइट.

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि माझ्या पदवीची खात्री पटल्यासारखे खूश झाले.

गाडी चालवायचा किसन. रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत राहायचा. बाप जिनिंगमध्ये मजुरीला, आई शेतात. घरातला स्टिअरिंगमागे बसलेला पहिलाच माणूस, आणि त्याला त्याची जाणीव होती. गाडी सुरू करण्याआधी तो शर्टाची बाही खाली करून बटण लावायचा. घरातली माणसं छप्पन साली बौद्ध झालेली. त्याला कामावर ठेवल्याचं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "आपुन जात बिलकुल मानत न्हाई. ड्रायव्हर कोण ठेवला पाहा." त्याच दमात काकूंना हाक, ड्रायव्हरला चहा द्या. तो चहा फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपातून जायचा. एकदा कुणीतरी त्याबद्दल विचारलं, तर मालक म्हणाले, ती जात नाही, सवय आहे. हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढे न विचारताही द्यायला लागले.

माल चढवायला-उतरवायला रज्जाक होता. वयस्कर, गळ्यात चौकड्यांचा रुमाल, मालकांच्या प्रत्येक वाक्यानंतर "बराबर" म्हणणारा. तो ते कसं म्हणायचा हे ऐकलेला माणूस त्याला खुशामतखोर म्हणणार नाही.

त्या वर्षी थंडी उशिरा आली. दसरा-दिवाळी झाली, पिवळ्या दिव्यांची गरज कुणाला पडली नाही. मग एका पहाटे धुई पडली. किसनने घनसावंगीच्या अलीकडे बटण दाबलं आणि पुढे काहीच झालं नाही. दोन्ही दिवे मेलेले. त्याने खाली उतरून फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. तारा चाचपल्या, काचांवर बोटांनी टकटक केलं. जे जमण्यासारखं होतं ते केलं. शेवटी रज्जाक किसनचा पांढरा रुमाल डोक्याला बांधून गाडीच्या पुढे चालत राहिला आणि किसन त्या रुमालामागून गाडी हाकत राहिला. माल अडतीवर पोचला तेव्हा लिलाव उरकला होता. वर कुणीतरी हसून मालकांना विचारलं, तुमच्या हैदराबादी दिव्यांना थंडी वाजली का.

हे हसणं मालकांना लागलं. ते घरी आले ते थेट खुर्चीत.

किसन म्हणत होता, गाडी स्टेशनरोडच्या इलेक्ट्रिशियनकडे नेऊ. मालकांनी ते उडवून लावलं. इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा बल्ब बदलणार आणि चोराचं फावणार. चोर हा शब्द तिथे पहिल्यांदा आला. कुणी चोरी झाली असं म्हटलेलं नव्हतं, गाडीतून काही गेलेलंही नव्हतं. पण मालकांचं अनुमान तयार होतं. चांगले बल्ब काढून कुणीतरी विकले आणि त्यांच्या जागी जळके बसवले. दिव्याची काच स्क्रूंवर होती. पेटीत स्क्रूड्रायव्हर होता. पेटी ओट्यावर होती. काच उघडून आत पाहायला जितका वेळ लागला असता त्यापेक्षा जास्त वेळ त्यांना पाट मांडायला लागला.

कारण या वेळी साधी तहकीकात पुरणार नव्हती. त्यांच्या घराण्याची देवी पिंपळगावची रेणुकाई. तिथलं कुंकू डबीत भरून देवघरात ठेवलेलं असायचं. मालकांनी अंगणात, गाडीच्या अगदी पुढे, पाट मांडला. त्यावर देवीची तसबीर, डबी, नारळ. ज्याचा ज्याचा गाडीला हात लागला त्याने कुंकू उचलून शपथ घ्यायची. शेजारच्या दोन घरांतली माणसं तमाशा बघायला आली होती. काकूंना आणि मला त्यांनी वगळलं. "बायामाणसाचं काय काम," असं म्हणाले. मी खोलीच्या दारात वह्या तपासत बसले होते, आणि काकू कांदा चिरत होत्या.

रज्जाकला त्यांनी मोठ्या मनाने सवलत दिली, तू तुझ्या पीराची घे. रज्जाकने घेतली, आणि शेवटी "बराबर" म्हणाला. मग किसनची पाळी आली.

"उचल," मालक म्हणाले.

किसन जागचा हलला नाही. "आमच्यात शपथ न्हाई घेत, मालक."

"मंग तू तुझ्यावाल्याची घे. तुमच्यात कुणाची घेतात?"

"कुणाचीच न्हाई."

"मंग खरं-खोटं कळतं कसं तुमच्यात?"

"इचारतात," किसन म्हणाला. "मंग आम्ही सांगतो."

रज्जाकने रुमालात तोंड घातलं. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. मालकांचे कान लाल झाले, पण कोतवालीत शिकलेला माणूस असा हरत नाही. ते म्हणाले, बरं, सांग.

"दिवे म्या काढले न्हाईत, इकले न्हाईत. कशामुळं बंद पडले ते मला कळंना झालंय. गाडी दाखवायला नेऊ द्या."

"आधी कुंकू उचल."

"माझ्या बापानं हे सोडलं, मालक. एका दिव्यापायी मी पुन्हा धरू का?"

आवाज चढलेला नव्हता. मला वाटतं, चढला असता तर मालकांना सोपं गेलं असतं. त्यांनी तसबिरीला नमस्कार केला, नारळ उचलून काखेत घेतला आणि निकाल सांगितला. ज्याच्या मनात पाप नाही तो देवीला भीत नाही. ज्याने हात मागे घेतला त्याने बल्ब विकले. किसनने गाडीची किल्ली पाटावर ठेवली आणि फाटकातून बाहेर गेला. जाताना त्याने बाहीचं बटण काढलं.

नोकरी गेली एवढ्यावर हे थांबत नव्हतं. त्या काळी आमच्याकडे गाडीमालकांची एक रीत होती. नवा ड्रायव्हर ठेवायचा तर आधीच्या मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि माणूस कसा आहे विचारायचं. मुलगी बघायला जातात तसंच. ओट्यावरून एक शब्द वाकडा आला की संपलं. आणि गाडीतला माल किंवा सुटे भाग विकणारा ड्रायव्हर म्हटला की त्याला बैलगाडीवरही कुणी ठेवत नसे. किसन एक-दोन ठिकाणी जाऊन आला. नाही म्हणायला कुणी फार शब्द वापरले नाहीत. रज्जाक सांगायचा, आता तो बापाबरोबर जिनिंगला जाऊन राह्यलाय, सरकीची पोती उचलायला.

नवा ड्रायव्हर आला. तो मालकांच्या लांबच्या नात्यातला होता आणि गाडी चालवताना स्टिअरिंगपेक्षा हॉर्नवर त्याचा भरवसा जास्त होता. पिवळे दिवे तसेच बंद. मालकांनी त्याच्या हातून नवे बल्ब घालून घेतले, तरी बंद. यावर त्यांचा खुलासा असा की चोराने वायरींनाही काहीतरी करून ठेवलं आहे. म्हणजे न दिसणारी चोरी आता न दिसणाऱ्या घातपातापर्यंत गेली, आणि आरोपी तोच.

मग एका सकाळी शेजाऱ्यांकडे कडब्याची बैलगाडी आली. आमची पिकअप फाटकात उभी, नवा ड्रायव्हर आत बसून इंजिन तापवत होता. पिवळ्या दिव्यांचं बटण तो येता-जाता दाबून ठेवायचा, कधीतरी लागेल म्हणून. बैलगाडी मागे घेताना एक बैल अडला, मग एकदम मागे सरला, आणि बैलगाडीचं आडवं लाकूड पिकअपच्या पुढच्या पट्टीवर आपटलं. मोठा आवाज झाला. डाव्या बाजूचा दिवा आपल्या जागी फिरला आणि लख्ख पेटला.

अंगणात सगळे थांबले. बैलसुद्धा.

मालक ओट्यावर चहा बशीत ओतत होते. ते दिव्याकडे पाहत राहिले. मला आठवतं, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चहा बशीतून धोतरावर सांडला तो त्यांनी पाहिलाही नाही.

नवा ड्रायव्हर उत्साही होता. त्याने कुणाला न विचारता गाडी सरळ स्टेशनरोडला नेली आणि दुपारी दोन्ही दिवे लावून परत आला. इलेक्ट्रिशियनने काय सांगितलं ते त्याने अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बल्ब चांगले, वायर चांगली, बटण चांगलं. दिव्याला करंट यायला वायरचा रस्ता आहे, पण परत जायला त्या लोखंडी पट्टीचाच रस्ता. त्या पट्टीला, नटांच्या खाली, बोल्टाच्या भोकात, सगळीकडे जाड ऑइलपेंट बसलेला. रंगातून करंट जात नाही. दिवे उतरवून, पट्टी रंगवून, ओल्या रंगावरच पुन्हा आवळलेत. बैलाच्या धक्क्याने एका बोल्टाने रंग खरवडला म्हणून एक दिवा लागला. दुसरा इलेक्ट्रिशियनने चाकूने खरवडून लावून दिला.

"निळा रंग," ड्रायव्हर म्हणाला. "कोणत्या गाढवानं दिला काय माहीत."

तो नवा होता. दसऱ्याला तो नव्हता. बाकी सगळे होते. रज्जाकने आपल्या चौकड्यांच्या रुमालाने डोळे पुसले, काकू आत गेल्या, आणि मी वहीत मान घातली. मालक म्हणाले, "देवीनं कौल दिला."

एखाद्या माणसाकडे मी यापेक्षा तुच्छतेने कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्यांना लाज वाटेल अशी माझी भाबडी समजूत होती. त्यांना लाज वाटली नाही, गैरसोय झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भर उन्हात पिवळे दिवे लावून गाडी गावभर फिरवायला सुरुवात केली, जणू ते कधी बंद नव्हतेच. आणि रज्जाकबरोबर किसनला निरोप पाठवला, झालं गेलं विसर, कामावर ये.

किसनचा निरोप परत आला. जिथं चोर म्हणालात, त्याच माणसांपुढं न्हाई म्हणा. मंग येतो.

"मालकानं ड्रायव्हरपुढं तोबा करायची?" मालक म्हणाले. त्यांनी मोसंबीची करंडी पाठवली. ती परत आली. त्यांनी दसऱ्याचं धोतर पाठवलं, न वापरलेलं. तेही परत आलं. या माणसाकडे पाठवण्यासारखं सगळं होतं, फक्त ते वाक्य नव्हतं. ते अंगणात उभं राहून म्हणायला काहीच लागत नव्हतं. ते न म्हणण्यासाठी मात्र त्यांनी किती खटपट केली.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी आमच्या फाटकाबाहेर एक ट्रक थांबला. आष्टीचे एक सरकीचे व्यापारी उतरले. ट्रक नवा घेतलेला, बरोबर तात्पुरता ड्रायव्हर. त्यांना कायमचा हवा होता. त्यांनी जिनिंगमध्ये किसनला पोती उचलताना पाहिलं होतं. ड्रायव्हर असून हमाली का करतो असं विचारलं, आणि त्याने झाकून न ठेवता सगळं सांगितलं होतं. आता रीतीप्रमाणे ते ओट्यावर आले होते. किसनही बरोबर आला होता, पण फाटकाच्या बाहेरच उभा राहिला, हात मागे बांधून. ओट्यावरचं सगळं तिथवर ऐकू जात होतं.

काकूंनी चहा आणला आणि त्या दाराच्या चौकटीत थांबल्या. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात.

इकडचं तिकडचं झालं. कापसाचा भाव, पाऊसपाणी. मग व्यापाऱ्यांनी बशी खाली ठेवली. "हे पोरगं तुमच्याकडं व्हतं म्हणे. कसं हाय?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला. त्या क्षणी त्यांनी काहीही म्हटलं असतं, नुसतं 'चांगलं आहे' एवढं, तरी काम झालं असतं. माफीसुद्धा मागायची नव्हती.

"गाडी बरी चालवतो," ते म्हणाले.

"अन् हाताचा?"

"मी चोर म्हणालो न्हाई. कधीच म्हणालो न्हाई." मग समजूतदार माणसाच्या आवाजात, "आता देवीचं कुंकू उचललं न्हाई त्यानं, एवढं मात्र खरं. त्याच्यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा. आपुन कुणाच्या पोटावर पाय देत न्हाई."

व्यापाऱ्यांनी फाटकाकडे पाहिलं. किसनने मान खाली घातली नव्हती, पण मागे बांधलेले हात त्याने सोडले. आता वळून चालायला लागायचं, एवढंच उरलं होतं.

"दिवे यांनी रंगवले," काकू म्हणाल्या.

त्या चौकटीतून पुढे आल्या नव्हत्या. भाकरीबद्दल बोलावं तशा आवाजात बोलत होत्या. "दसऱ्याला. दिवे काढून दिले किसननं, अन् पट्टी रंगवली यांनी. वाळू द्या म्हणला किसन, तर म्हणाले, जल्दी बसव, पूजा करायचीय. डबा माझ्या हातात व्हता. त्या रंगानं बंद पडले. पोरानं काय इकलं न्हाई, काय तोडलं न्हाई. यांनी त्याला चोर म्हणलं, ह्याच अंगणात."

मालकांनी मान वळवली. बायको आपल्या घरात राहते हे त्यांना नुकतंच कळल्यासारखं ते बघत होते.

"तुला कुणी इचारलं का?"

"न्हाई इचारलं," काकू म्हणाल्या. "तवाबी न्हाई इचारलं."

व्यापारी उठले. मालकही उठले, त्यांच्यामागे पायऱ्यांपर्यंत गेले आणि घाईघाईने सांगू लागले की कोतवालीत असताना त्यांनी स्वतः पाहिलं आहे, बायामाणसाची जबानी तहकीकातीत धरत नाहीत. तसा कायदाच होता.

व्यापारी चपला घालत होते. "आमच्या आष्टीत धरतात," ते म्हणाले. वळून काकूंना "येतो वहिनी" म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून फाटकापलीकडे किसनच्या हातात दिली.

ट्रक मोठा होता आणि आमची गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना नाल्या, मध्ये एक विजेचा खांब. किसनने आधी गल्ली शेवटपर्यंत चालून पाहिली, मग वर चढला. बाही खाली केली, बटण लावलं, आणि ट्रक हळूहळू मागे घेत कोपऱ्यापर्यंत नेला. शेजारची तीच माणसं दारांत येऊन उभी होती. मालक खुर्चीत जाऊन बसले आणि पिकअपच्या हौद्यात बसलेल्या रज्जाकवर काहीतरी ओरडले. रज्जाकचं लक्ष ट्रककडे होतं. ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत काकू दारात थांबल्या, मग कपबशा उचलून आत गेल्या.